टाचण

माझ्या वहीत भाषणं नाहीत.
जोडे आहेत.

त्या सप्टेंबरात ट्रॅममध्ये एक फळी आली,
वीतभर रुंद, पितळेच्या दोन आकड्यांवर लटकणारी,
कंडक्टर म्हणेल तिथं सरकणारी.
फळीच्या पुढं गोरे, मागं आम्ही.
पुढं गर्दी झाली की फळी मागं यायची
आणि आम्ही आणखी मागं,
शेवटच्या दांड्यापर्यंत,
मग दांड्याच्या बाहेर.

रविवारी पाद्रीबुवा एवढंच म्हणाले :
उद्यापासून ज्याला पाय आहेत त्यानं चालावं.

गुरुवारी माझ्या दुकानापुढं रांग.

केझाया मॉब्ली, धुणंवाली. डाव्या टाचेला नाल.
डोक्यावर सहा घरांच्या चादरी,
जाऊन येऊन नऊ मैल.
पैसे पुढच्या शनिवारी.

लेमुएल, गोदीतला हमाल. दोन्ही तळ.
जुना तळ उचकटला तर आत वर्तमानपत्राची घडी,
घडीवर ट्रॅम कंपनीची जाहिरात,
घामानं पिवळी पडलेली, तरी वाचता येणारी.

मिस झिल्फा इस्टरलिंग, मास्तरीणबाई. बटणांचे बूट, शिवण.
त्यांच्या शाळेत एक शेगडी, साठ पोरं,
आणि गोऱ्यांच्या शाळेतून उतरलेली पुस्तकं,
पहिल्या पानावर दुसऱ्यांचीच नावं.
फळ्यावर त्यांनी गणित घातलं :
तीनशे माणसं, दोन फेऱ्या, फेरीला पाच सेंट,
तर कंपनीचा रोजचा तोटा किती?
तीस डॉलर, पोरं ओरडली.
मागच्या बाकावरून एकानं हात वर केला,
बाई, आणि जोड्यांचे?

जोड्यांचे माझ्याकडे येत होते.
खरं ते सांगतो. गाव चालत होतं
आणि मी बसल्या जागी कमवत होतो.
रात्री थिओडोशिया नाणी मोजायची, थांबायची,
म्हणायची, लोकांच्या फोडांवर आपली चूल.
मी दर निम्मा केला. चामडं संपलं
तेव्हा कंपनीच्याच कारखान्यामागून
मोडीत काढलेले यंत्रांचे पट्टे आणले वजनावर,
आणि त्यांचे तळ कापले.
लेमुएल हसला, एवढंच मला त्या हिवाळ्यातलं हसू आठवतं.
म्हणाला, चला, शेवटी कंपनीनंच आम्हाला नेलं.

माझा उजवा पाय दोन बोटं आखूड आहे,
लहानपणी मालडब्याखाली आलेला.
हे कारण नाही. टाचण आहे.

डिसेंबरात एका रात्री, बर्फगार पाऊस,
बगलेत चामड्याचा गठ्ठा,
आणि कोपऱ्यावर ती थांबली, दिवे लावलेली, रिकामी.
मी चढलो.
कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
अख्ख्या डब्यात मी एकटा,
तरी जाऊन बसलो फळीच्या मागं.
काचेबाहेर एक चादरींचं गाठोडं चालत होतं,
त्याच्याखाली केझाया.
तिनं मान वळवली नाही. वळवताही आली नसती
डोक्यावर एवढं ओझं असताना.
पण नाल वाजत होता फरसबंदीवर,
मी ठोकलेला,
आणि ट्रॅमपेक्षा मोठ्यानं.

शनिवारी ती आली. मागची उधारी ठेवली गल्ल्यावर,
सुट्टी नाणी, साबणाचा वास.
मी म्हणालो, राहू दे.
ती म्हणाली, मोजून घ्या.

वसंतापर्यंत रांग विरळ झाली.
कोणाला मूल झालं, कोणाची नोकरी गेली,
म्हातारी माणसं आधी चढली, मग त्यांना धरायला तरणी.
फळी होती तिथंच होती,
पितळ तेवढं नव्यानं घासलेलं.
कोणी म्हणालं, नुसतेच जोडे झिजवले.
मी काय बोलणार? झिजलेलं मी पाहिलंय,
आतून, बोटांनी.

वही अजून आहे.
बहुतेक नावांपुढं रेघ ओढलेली, चुकतं.
शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात :
ओबेदाया क्रम्प. एक फेरी. पाच सेंट.
बाकी.